गोरोसॉरसाचा कैवार

जपानमधील तोहो कंपनीच्या राक्षसपटांचा विषय निघाला म्हणजे गॉडझिलाचें नांव सर्वांच्या मुखीं येतें. गोरोसॉरसाची आठवण फारच थोड्यांस होते. ईशिरो होंडा यांच्या १९६७ च्या 'किंग काँग एस्केप्स' या चित्रपटांत हा सरडा प्रथम आला, तो मुळीं हरण्याकरितांच. १९३३ च्या मूळ 'किंग काँग'मध्यें काँगनें एका प्रचंड सरड्याचा जबडा फाडला होता. त्याच द्वंद्वाची ही नवी आवृत्ति. येथेंहि जबडा मोडतो, तोंडाला फेंस येतो, आणि पात्राचें काम संपतें. तथापि तत्पूर्वीं शेपटीवर भार देऊन तो दोन्ही पायांनीं जी लाथ हाणतो, ती आमच्या मते साऱ्या चित्रपटांत पाहण्यासारखी आहे.

गॉडझिला किरण ओकतो, तीन मस्तकांचा घिडोरा विजा सोडतो. गोरोसॉरसापाशीं दांत, शेपूट आणि मांड्यांतील बळ एवढेंच भांडवल. आमच्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर इतरांचा भयानक रस अद्भुतांत विरून जातो. याचा मात्र भयानकच राहतो, कारण असा प्राणी खरोखरच असूं शकेल, असें मनास वाटतें.

होंडा यांच्याच १९६८ च्या 'डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स'मध्यें त्याच्यावर जो अन्याय झाला, त्याबद्दल आम्हांस राग आहे. पॅरिसमध्यें भूमि फोडून तो वर येतो व विजयकमान कोसळते. पण वार्ताहर सांगतो कीं, हें कृत्य बॅरागॉनचें! बिळें करणें हा बॅरागॉनचा स्वभाव. त्याचा पोशाख दूरचित्रवाणीवरील मालिकांसाठीं उसना दिला गेला होता, म्हणून ऐन वेळीं गोरोसॉरसास पुढें केलें. पोशाखाची अडचण आम्ही समजूं शकतों. परंतु संवादांतील एक नांव बदलण्यास कितीसा खर्च आला असता? दुय्यम पात्राकडे कोणी लक्ष देणार नाहीं, हा निर्मात्यांचा भरंवसाच आम्हांस अधिक बोंचतो. ज्या नटानें तो अवजड पोशाख अंगावर वागविला, त्याच्या श्रमांचाहि हा अवमान नव्हे काय?

याच चित्रपटांत फुजी पर्वताच्या पायथ्याशीं घिडोराशीं अखेरचें युद्ध होतें. तेथें गोरोसॉरस पाठीमागून उडी घेतो, तीच लाथ हाणतो, आणि घिडोरा जमिनीवर आदळतो. नंतर गॉडझिला येऊन त्याचीं मस्तकें तुडवितो; प्रेक्षक टाळ्या देतात त्या अर्थातच त्याला.