हमरस्त्यावरचे माजघर

प्रवासातील अन्नाची परीक्षा घरच्या अन्नाच्या मापाने करू नये, असा एक शहाणा संकेत आहे. धर्मशाळेतील आमटीत मीठ कमी पडले म्हणून कोणी रुसून बसत नाही. परंतु एखादे उपाहारगृहच जर आपल्या साऱ्या मांडणीतून सांगू लागले की, येथे वाढले जाते ते विकतचे नव्हे, घरचेच अन्न, तर त्या दाव्याची तपासणी करणे हे टीकाकाराचे कर्तव्य ठरते. अमेरिकेच्या दक्षिण भागात जन्मलेली ‘क्रॅकर बॅरल’ ही उपाहारगृहांची साखळी पन्नासहून अधिक वर्षे असा दावा करीत आली आहे. अटलांटाहून चॅटनूगामार्गे नॅशव्हिलकडे मोटारीने जाताना तिच्या पंक्तीला बसण्याचा योग आला. त्या निमित्ताने हे थोडेसे विवेचन.

या संस्थेचा उगम पाकशास्त्रात नसून पेट्रोलच्या विक्रीत आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. 1956 साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली आणि 41,000 मैलांच्या प्रशस्त रस्त्यांची योजना सुरू झाली. नवे रस्ते गावांना वळसा घालून गेले, आणि गावांतील खाणावळी मागे राहिल्या. शेल तेलकंपनीत विक्रीचे काम करणाऱ्या डॅन एव्हिन्स यांनी 1969 साली टेनेसी राज्यातील लेबनन या गावी पहिले दुकान उघडले. पेट्रोल भरायला थांबणारा वाटसरू गरम जेवणासाठीही थांबेल, हा त्यांचा साधा हिशेब होता. पुढे इंधनटंचाईच्या काळात पंप मागे पडले आणि ताट तेवढे उरले. आज 40 हून अधिक राज्यांत मिळून या साखळीची सुमारे 650 उपाहारगृहे आहेत.

नावाचा अर्थही बोलका आहे. जुन्या अमेरिकन खेड्यातील दुकानात खारी बिस्किटे पिंपात भरून येत. त्या पिंपाभोवती गावकरी बसून सुखदुःखाच्या गप्पा करीत. आपल्याकडे जे स्थान पिंपळाच्या पाराला, ते तिकडे त्या पिंपाला! हा पारच महामार्गाच्या काठी पुन्हा उभा करण्याचा घाट येथे घातलेला आहे. दर्शनी ओसरीवर झुलत्या खुर्च्यांची रांग, आत प्रथम गोळ्या-चॉकलेटांचे व खेळण्यांचे दुकान, आणि त्यापलीकडे शेकोटी असलेली भोजनशाला. दारावर बैलाचे जू आणि घोड्याची नाल. भिंतींवर जुनी अवजारे, कढया, पत्र्याच्या जाहिराती. या वस्तू नकली नव्हेत. कंपनीने लेबनन येथे अशा हजारो अस्सल जुन्या जिनसांचे कोठारच ठेवले आहे. मेजावर 15 भोकांची त्रिकोणी लाकडी पाटी आणि 14 खुंट्या असतात. अन्न येईपर्यंत एकेक खुंटी उड्या मारून उचलीत बसावे. लहान मुले तर यातच रमतात.

आता ताटाकडे वळू. या पाकपद्धतीला अमेरिकन माणूस ‘मनाला निवारा देणारे अन्न’ या अर्थाचे नाव देतो. गोमंतकीय वाचकाला हा अर्थ समजावून सांगायला नको. दुखण्यातून उठल्यावर पहिल्या दिवशी ऊन पेजेचा जो घोट आपण घेतो, तोच हा भाव. अशा अन्नात चमत्कृती नसते. ते मऊ, ऊन आणि ओळखीचे असले की पुरे.

येथील बिस्किट म्हणजे आपण चहात बुडवतो ते नव्हे. मऊ गव्हाचे पीठ, ताक, सोडा आणि स्निग्ध पदार्थ यांचा अगदी हलक्या हाताने केलेला, पदर सुटणारा लहानसा पाव तो. पीठ जास्त मळले की बिघडले. हातात घेताच त्यातून वाफ यावी आणि लोणी आपोआप विरघळावे, ही त्याची कसोटी. या कसोटीला येथील बिस्किट उतरते. ‘ग्रिट्स’ म्हणजे निव्वळ मक्याच्या कण्या. ज्याने लहानपणी जोंधळ्याच्या कण्या ताकाशी खाल्ल्या आहेत, त्याला पहिल्याच घासाला ओळख पटेल. मका ही तेथील मूळ रहिवाशांची देणगी. मीठ-लोणी घालून खावे की साखर घालून, यावर दक्षिणेतील घराघरांतून वाद चालतो. प्रस्तुत लेखकाचे मत मिठाच्या बाजूने आहे.

‘चिकन अँड डंपलिंग्ज’ पाहून तर नवल वाटते. कोंबडीच्या रश्शात पिठाच्या पट्ट्या शिजवलेल्या. घाटावरील वरणफळांची ही सामिष बहीणच म्हणावी! बटाट्याचा कीस, कांदा आणि चीज एकत्र भाजून केलेला पदार्थ या साखळीची खास ओळख मानला जातो. तो पोटभरीचा खरा, परंतु त्यात चीजच इतके पुढे पुढे करते की बटाट्याला बोलायला जागा उरत नाही. एकंदर या ताटात मधुर आणि लवण या दोन रसांचे राज्य आहे. आंबटपणा ताकातून किंवा शिरक्यातून डोकावतो, आणि तिखट हवे असल्यास ते बाटलीतून घ्यावे लागते. बर्फ घातलेला गोड चहा तर आपल्या सरबतालाही लाजवील इतका गोड.

सोमवार पाळणाऱ्या किंवा शाकाहारी प्रवाशाला एक सूचना करणे अवश्य आहे. दक्षिणी रीतीत पालेभाजी आणि कडधान्ये बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा चरबी घालून शिजवतात. तेव्हा ‘भाजी’ या शब्दावर विसंबून न राहता विचारून घ्यावे. शिवाय तिकडील खाणावळींत मॅकरोनी आणि चीज यांची गणनाही भाज्यांत होते, हा त्या प्रांताचा विनोद आहे.

येथवर गुणवर्णन झाले. मुख्य प्रश्न पुढेच आहे. हे घरचे अन्न म्हणायचे, तर कोणाच्या घरचे? आणि त्या घरात चुलीपाशी कोण उभे होते?

चवळी घ्या. आपण कोंकणीत जिला आळसांदे म्हणतो, तिच्याच कुळातील ही चवळी मूळची आफ्रिकेची. ती भातात शिजवून नववर्षाच्या दिवशी शुभ म्हणून खाण्याची प्रथा दक्षिणेत आहे. भेंडीही गुलामांच्या जहाजांच्या मार्गाने तिकडे गेली. लुइझियानातील प्रसिद्ध ‘गंबो’चे नावच आफ्रिकन भाषांतील भेंडीवाचक शब्दावरून आले आहे. ज्यांना साखळदंडांत बांधून आणले, त्यांनीच धन्याच्या स्वयंपाकघरात ही पाकपद्धती घडवली. दक्षिण कॅरोलिनात गुलामगिरीत जन्मलेल्या अ‍ॅबी फिशर या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी सांगितलेल्या कृती इतरांनी लिहून घेतल्या आणि 1881 मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे त्यांचे पुस्तक निघाले. व्हर्जिनियात मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या फ्रीटाउन या वस्तीत 1916 साली जन्मलेल्या एड्ना लुइस यांनी 1976 मध्ये आपल्या खेड्यातील ऋतुमानाप्रमाणे बदलणाऱ्या अन्नाविषयी पुस्तक लिहिले, तेव्हा कोठे विदग्ध वाचकांचे लक्ष या परंपरेच्या खऱ्या धनिणींकडे गेले.

रस्त्याचा इतिहास याहून कटू आहे. हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कोणत्या गावी आपल्याला जेवण आणि बिछाना मिळेल, हे त्यात पाहूनच ही कुटुंबे घराबाहेर पडत. तरीही बुटाच्या रिकाम्या खोक्यात शिदोरी बांधून घ्यावी लागे, आणि त्या शिदोरीत बहुधा तळलेली कोंबडी असे, कारण ती टिकते. आज जो पदार्थ हमरस्त्यावरील आतिथ्याची खूण म्हणून वाढला जातो, तोच एके काळी त्या हमरस्त्याने ज्यांना पान वाढले नाही त्यांची शिदोरी होता.

पंक्तिभेद हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. त्याचा डागही नवा नाही. म्हणूनच ही कथा आपल्याला लवकर उमगते. 1 फेब्रुवारी 1960 रोजी उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे वूलवर्थ दुकानातील भोजनाच्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसले. त्या दुकानात त्यांना वस्तू विकत घेता येत, बसून खाता येत नसे. बर्मिंगहॅममधील ‘ओलीज बार्बेक्यू’ या खाणावळीत तर नोकरवर्ग बहुतांशी कृष्णवर्णीय, आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला मात्र अन्न बांधून नेण्याचीच मुभा. चुलीपाशी चालतात, पण पानावर चालत नाहीत, असा तो न्याय! 1964 च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध ती खाणावळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि त्याच वर्षी हरली. क्रॅकर बॅरलचे पहिले दुकान उघडले ते या निकालानंतर अवघ्या पाच वर्षांनी.

आणि हा डाग कायद्याने एकदम धुतला गेला असेही नव्हे. 2004 मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने याच साखळीविरुद्ध तक्रार दाखल केली. अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना वेगळे बसवले जाते व मागाहून वाढले जाते, असा तिचा आशय होता. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. मात्र तडजोडीत नोकरांचे प्रशिक्षण आणि बाहेरच्या तपासनिसांकडून परीक्षा या अटी तिने स्वीकारल्या. आज तिच्या भोजनशालेत सर्व वर्णांची माणसे एकाच छताखाली जेवतात, हे दृश्य साधे दिसले तरी अनायासे आलेले नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये कंपनीने आपल्या चिन्हातील पिंपाला रेलून बसलेला म्हातारा काढून टाकला, तेव्हा केवढा गहजब झाला! खुद्द राष्ट्राध्यक्षांनी त्यात भाग घेतला, आणि आठवड्याभरात म्हातारा परत आपल्या जागी आला. परंपरा बुडाली म्हणून जे हळहळले, त्यांचा जिव्हाळा खोटा होता असे मी म्हणणार नाही. बालपणीच्या सहली, आजोबांबरोबरचा नाश्ता, अशा आठवणी त्या पाटीला चिकटलेल्या असतात. परंतु पाटीवरील चित्रासाठी जेवढा आवाज उठला, त्याच्या शतांशानेही ताटातील परंपरा कोणाची, यासाठी उठत नाही, याचे वैषम्य वाटते.

या साखळीत पदार्थांना ‘अंकल हर्शेल’, ‘ग्रँडमा’ अशी आप्तांची नावे देण्याची रीत आहे. हर्शेल हे संस्थापकांचे खरेखुरे आप्त होते. नावे द्यावीत, ती गोड आहेत. परंतु घरात केवळ काका आणि आजी नव्हत्या, राबणारी आचारीणही होती. तिचे नाव पदार्थांच्या यादीत आले, तर घरचे अन्न हा दावा पूर्ण होईल. भिंतीवरची कढई अस्सल असली, तरी ती मुकी आहे. तिच्यात कोणाचा हात फिरला, हे माणसांनीच सांगावे लागते.

एवढे म्हटल्यावरही निकाल प्रतिकूल देववत नाही. दमलेल्या प्रवाशाला वाजवी दरात, स्वच्छ जागी, ऊन घास देणे ही लहान गोष्ट नव्हे. आपली मुलेबाळे आता त्या मुलुखात नोकरीधंद्यानिमित्त राहतात आणि त्यांना भेटायला जाणारे वडीलधारेही पुष्कळ आहेत. त्यांनी वाटेत येथे अवश्य थांबावे. विचारपूस करून बिस्किट आणि कण्या मागवाव्यात. मग पुढच्या मुक्कामी एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाने चालवलेल्या लहानशा खाणावळीतही जेवावे, आणि जमल्यास एड्ना लुइस यांचे पुस्तक मिळवून वाचावे. म्हणजे महामार्गावर खाल्लेल्या त्या घासाचे पुरते मोल कळेल.