इंद्रायणीतले दोन प्रसंग



चाळीस वर्षे कीर्तनात मी एक प्रसंग सांगत आलो. दुष्काळात तुकोबारायांचा प्रपंच मोडला आणि पुढे त्यांनी कर्जदारांची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली. हा प्रसंग आला की पुढे बसलेल्या वृद्धांकडे हात करून मी म्हणायचो, ‘आणि तुमच्याकडून एक फुटकी घागर सुटत नाही!’ लोक हसायचे, निरूपण रंगायचे. आज त्या निरूपणाचे परीक्षण मीच करतो आहे, कारण ते अर्धेच होते.

गेल्या वर्षी गावातले घर मोकळे करून आम्ही दोघे मुलाकडे शहरात, एका खोलीत राहायला आलो. जाते देऊन टाकायच्या आदल्या रात्री सौभाग्यवती त्याच्यावर हात ठेवून रडत बसली. ते तिच्या सासूचे, म्हणजे माझ्या आईचे जाते. मी सवयीने बोलून गेलो, ‘महाराजांनी खतपत्रे बुडवली, आणि तू दगडासाठी रडतेस?’ ती म्हणाली, ‘अहो, मग तुमच्या वह्या उद्या नदीत सोडायच्या का?’ मी गप्प झालो. निरूपणाच्या एक्केचाळीस वह्या मी सगळ्यांत आधी गाठोड्यात बांधल्या होत्या.

त्या रात्री महिपतीबोवांचे ‘भक्तलीलामृत’ पुन्हा उघडले. इ. स. १७७४ मधला हा ग्रंथ. आम्हा कीर्तनकारांच्या कथांचे मोठे भांडार. त्यात आम्ही गाळतो ती गोष्ट स्पष्ट आहे. धाकटा भाऊ कान्होबा याने आपल्या प्रपंचाची अडचण सांगितली, तेव्हा खतपत्रांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा त्याच्या हाती गेला. तुकोबांनी इंद्रायणीत सोडला तो फक्त स्वतःचा. दुसऱ्याच्या वाट्याचे वैराग्य त्यांनी परस्पर केले नाही. आणि मी मात्र घरातल्या बाईच्या जात्यावर माझे वैराग्य चालवत होतो.

दुसरे असे, की त्याच इंद्रायणीत पुढे अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. तेव्हा तेच तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून देवाच्या दारी धरणे धरून बसले. आम्ही पहिला प्रसंग वैराग्यासाठी सांगतो, दुसरा चमत्कारासाठी. दोन्ही शेजारी ठेवून कधी पाहत नाही. खतपत्रांत दुसऱ्यांच्या गळ्यातला फास होता, तो सोडताना त्यांचा हात अडला नाही. वह्यांत त्यांचा जीव होता, त्या गेल्या तेव्हा ते गहिवरले. संतांनाही सगळे कागद सारखे नव्हते. मग सगळे सामान सारखे समजा, असे तुम्हाआम्हाला कोणत्या तोंडाने सांगावे?

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगतो. त्या वह्या तरल्या. आपली जाती, देव्हारे, पाळणे परत येत नाहीत. म्हणून दुसऱ्या कथेतून तरलेल्या वह्यांआधी ते तेरा दिवस घ्यावेत. वाचकहो, उतारवयात घर आवरायची वेळ आली, तर आधी कोणाचा वाटा कशात आहे ते विचारा. देणीघेणी, जुनी भांडणे, वापरात नसलेली भांडी खुशाल लवकर सोडा. ज्यात जीव आहे त्याला थोडे दिवस द्या. मुलांनीही ट्रक दारात उभा करून घाई करू नये.

आम्ही जाते आणखी आठ दिवस ठेवले. सौभाग्यवतीने त्यावर शेवटचे पायलीभर दळण दळले आणि मग ते भाचीकडे पाठवले. माझ्या छत्तीस वह्या मी शिकणाऱ्या मुलांना वाटल्या. पाच उशाशी आहेत. वह्या दिल्यावर दोन दिवस मला घास गोड लागला नाही. हे कबूल करायची आता लाज वाटत नाही. ज्या वृद्धांना मी कीर्तनात हसलो, त्यातले बरेच आज नाहीत. जे आहेत त्यांच्या पायांवर हे लेखन ठेवतो.