भिंतीवरचे शब्द कुणाचे?

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या भिंतीवर दोन वाक्यं रंगवलीत. एक, शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे. दुसरं, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. दोन्हीखाली नाव एकच, बाबासाहेबांचं. गिरणीत कापडावर शिक्का मारतात, तसं. विणणारा कोण ते शिक्का सांगत नाही.

पहिल्याचं आधी उरकतो. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर. 1874 ला निबंधमाला काढणारे आणि त्याच मालेत जोतीराव फुल्यांच्या मराठीची टवाळी करणारे, तेच ते. त्यांची उपमा आपण बाबासाहेबांच्या तोंडी घातली, वर गुरगुरण्याची शेपटी जोडली. बाबासाहेबांनी शिक्षणावर स्वतः ढीगभर लिहून ठेवलंय. ते वाचायला वेळ नाही, उसनं मात्र चालतं!

दुसऱ्याचं प्रकरण खोल आहे. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत बाबासाहेबांनी शेवटचा सल्ला म्हणून तीन इंग्रजी शब्द दिले: एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाईज. हे शब्दही त्यांनी घडवलेले नव्हते. 1880 नंतरच्या लंडनमध्ये समाजवादी कामगार ते वापरत. कापडाच्या छपाईची नक्षी काढणारा कवी विल्यम मॉरिस, त्याने तिथल्या डेमोक्रॅटिक फेडरेशनच्या सभासदपत्राची नक्षी काढली, तीत हेच शब्द होते. मला यात काही कमीपणा दिसत नाही. कामगारांचे शब्द कामगारांकडे आले.

पण दोस्तांनो, क्रम बघा. बाबासाहेबांनी 'अ‍ॅजिटेट' मधे ठेवलाय. आपण संघटना मधे आणली आणि संघर्ष शेवटी ढकलला. शिवाय अ‍ॅजिटेट म्हणजे नुसता मोर्चा नव्हे. मन ढवळून काढणं, चेतवणं. शिकलेला माणूस आतून पेटतो, आणि पेटलेली माणसं एकत्र येतात, असा तो हिशेब आहे. आमच्या खात्यातही असंच होतं. आधी पाळी सुटताना कुजबुज, मग चीड, युनियनची पावती त्यानंतर. उलट आपल्याकडं आधी गट निघतो, लेटरहेड छापतं, अध्यक्ष ठरतो. संघर्ष यादीत शेवटी आहे ना, मग थांबेल की!

कवी म्हणून एक कबूल करतो. 'संघटित, संघर्ष' हा सं-सं चा ठोका मिरवणुकीत छातीतून येतो. 'चेतवा' तसा वाजत नाही. म्हणून घोषणा टिकली. ती पुसा असं मी म्हणत नाही. पण अभ्यासवर्गात तरी मूळ क्रम सांगा.

आणि जो शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा बोलतो, तो 'जय भीम'? तो रूढ केला कामठीच्या बाबू हरदासांनी. जन्म 1904 चा. विडी कामगारांची संघटना बांधली, 1937 ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांताच्या विधानसभेत निवडून गेले, जानेवारी 1939 मध्ये क्षयानं वारले. पस्तिशीत. विड्या वळणाऱ्यांत वावरलेल्या माणसानं जोहाराच्या जागी ताठ मानेचा शब्द दिला, आणि त्याचा फोटो आमच्या वाचनालयात नाही. सलामाला जसं उलट उत्तर असतं, तसं हरदासांनी जय भीमलाही ठेवलं होतं, 'बल भीम'. ते मागं पडलं. आता दोन्ही बाजूंनी जय भीमच म्हणतात.