वारा कोणत्या दिशेला?

फुगा आणि कॅमेरा यांची जोडी जुनी आहे. १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ, दोराने बांधलेल्या फुग्यातून जमिनीचे छायाचित्र घेतले. त्यासाठी बिचाऱ्याला टोपलीतच अंधारखोली थाटावी लागली होती! आज मुठीत मावणारे पाच-सहा कॅमेरे एकाच फुग्याला सहज जडवता येतात. एक टोपलीच्या काठावर, एक ज्योतीकडे वर पाहणारा, एक कापडी घुमटाच्या कुशीवर, एक दूर दोरीला टांगलेला. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे १९७२ पासून फुग्यांचा मोठा उत्सव भरतो. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या अशा अनेक चित्रफिती मी यंदा पाहिल्या. डोळे इतके वाढले. उड्डाण अधिक दिसले काय, हा माझा प्रश्न आहे.

उष्ण हवेच्या फुग्याला सुकाणू नसते. चालकाच्या हाती फक्त वर जाणे आणि खाली येणे. दिशा बदलायची तर निराळ्या दिशेने वाहणारा वाऱ्याचा थर शोधावा लागतो. फुगा वाऱ्याबरोबरच चालत असल्यामुळे टोपलीतल्या माणसाच्या तोंडावर वारा जवळजवळ लागत नाही. आपण स्थिर आहोत आणि खालची शेते सरकताहेत, असे वाटते. मधूनच ज्योत गर्जते, मग पुन्हा शांतता. या प्रवासाचे सारे काव्य त्या आळीपाळीत आहे.

आणि नेमके तेच या चित्रफितींतून निसटते. दर तीन-चार सेकंदांनी संकलक कॅमेरा बदलतो. आता ज्योत, आता क्षितिज, आता कुणाचे हसू. शांततेवर ढोलताशांसारखे संगीत. ज्याला घाई ठाऊक नाही असे वाहन घाईने धावू लागते. न्यायाने सांगायचे तर उतरण्याच्या प्रसंगी हेच अनेक डोळे सार्थकी लागतात. शेतावरची फुग्याची सावली मोठी होत भेटायला येते, टोपलीत माणसे गुडघे वाकवून सावध होतात, खाली मदतनीस धावत असतात. त्या वेळी सर्वत्र एकदमच काही घडत असते, म्हणून अनेक कॅमेऱ्यांना काम असते.

ही कल्पना नवी नव्हे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी राउल ग्रिम्वाँ-साँसाँ याने ‘सिनेओरामा’ची योजना केली होती. वर्तुळात बसवलेल्या दहा कॅमेऱ्यांनी फुग्यातून दिसणारे दृश्य टिपायचे, दहा यंत्रांनी ते गोल पडद्यावर उमटवायचे आणि प्रेक्षकांनी मधोमध, फुग्याच्या टोपलीसारख्या चौथऱ्यावर उभे राहायचे. यंत्रांच्या उष्णतेमुळे तो खेळ लवकरच बंद पाडला गेला, असे सांगतात. तो लोकांपुढे कधी झालाच नाही, असेही काही इतिहासकारांचे मत आहे. पण त्यामागचा विचार मला थोर वाटतो. तिथे दहा डोळ्यांना एकच क्षण दिसणार होता आणि मान कुठे वळवायची हे प्रेक्षक ठरवणार होता. आजचा संकलक आपली मान धरून फिरवतो.

आल्बेर लामोरीस याने १९६० च्या ‘फुग्यातून प्रवास’ या चित्रपटात दुसरी वाट धरली. हेलिकॉप्टरमधून चित्रण करताना दृश्य थरथरू नये म्हणून त्याने खास यंत्रणा सिद्ध केली. तिच्यामुळे फ्रान्सची भूमी त्याच्या पडद्यावर संथपणे सरकते आणि आपण मुलाच्या नजरेने पाहू लागतो. आकाशातून चित्रण करतानाच १९७० साली इराणमध्ये हेलिकॉप्टर कोसळून त्याला मृत्यू आला. ती संथ नजर त्याला स्वस्तात मिळाली नव्हती.

तेव्हा कॅमेरे किती, हा कलेचा प्रश्नच नाही. या सुट्टीत मुलाबाळांबरोबर अशी एखादी चित्रफीत पाहाल, तर ती संपल्यावर त्यांना एवढेच विचारा: वारा कोणत्या दिशेला होता? मुलांना ते सांगता आले, तर ती उड्डाणाची चित्रफीत. नाही तर पाच-सहा कॅमेऱ्यांची जाहिरात.