ॲड राइनहार्ट यांची काळी चित्रे : शून्यता की अलिप्तता?

अमेरिकन अमूर्त चित्रकार ॲड राइनहार्ट यांचा जन्म १९१३ साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. पुढे राइनहार्ट यांचे शिक्षणही त्याच विद्यापीठात झाले आणि तेथेच त्यांनी डी. टी. सुझुकी यांची झेनवरील व्याख्याने ऐकली. साहजिकच त्यांच्या काळ्या चित्रांचा विचार करताना ‘शून्यता’ हा शब्द वारंवार योजला जातो. तो कितपत सार्थ आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

१९६० ते १९६६ या काळात राइनहार्ट यांनी पाच फूट लांबी-रुंदीचे चौरस कॅनव्हास रंगविले. प्रथमदर्शनी ते निव्वळ काळे भासतात. काही मिनिटे स्थिरचित्ताने उभे राहिल्यास मात्र त्यात नऊ समान चौकोन आणि लाल, निळ्या, हिरव्या रंगांच्या अतिसूक्ष्म छटा प्रकट होतात. चकाकी नाहीशी व्हावी म्हणून ते रंगातील तेल काढून टाकीत. या चित्रांत एकही छटा स्वतंत्रपणे जाणवत नाही. शेजारच्या चौकोनाच्या सापेक्षतेनेच ती दिसते. नागार्जुनांनी शून्यता म्हणजे अभाव नव्हे, तर प्रतीत्यसमुत्पाद होय, असे प्रतिपादिले. त्या अर्थाने ही चित्रे शून्यतेच्या निकट जातात, हे मान्य केले पाहिजे.

परंतु कलेचा कलेखेरीज कशाशीही संबंध नाही, असा राइनहार्ट यांचा आग्रह होता. याच चित्रकाराने १९४३ साली रूथ बेनेडिक्ट व जीन वेल्टफिश यांच्या वंशभेदाचे खंडन करणाऱ्या पुस्तिकेसाठी व्यंगचित्रे काढली होती. सैनिकांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तिकेचे वाटप लष्कराने रोखले. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातही ते सहभागी झाले. म्हणजे समतेची चाड त्यांना होती. कॅनव्हासवर मात्र तिला प्रवेश नव्हता.

प्रज्ञा, करुणा आणि समता या त्रयीने धम्म जाणणाऱ्या वाचकाला ही विभागणी खटकल्यावाचून राहणार नाही. चित्रावर घोषणा लिहावी, असे आमचे म्हणणे नाही. तसे केले असते तर ती सूक्ष्म छटा लोपली असती. दोष मौनात नाही. मौन म्हणजेच समग्र कला, या दाव्यात आहे. १९६७ साली राइनहार्ट निवर्तले. त्यांची चित्रे आपल्याला सावधपणे पाहावयास शिकवितात. त्या दृष्टीने माणसाकडे पाहण्याचे कार्य मात्र चित्रापुढून निघाल्यावर आपणच करावयाचे आहे.