अण्णाभाऊ कुणाचे?

बी. ए.च्या वर्गात ‘स्मशानातील सोनं’ ही कथा शिकवून झाली तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, ‘‘सर, अण्णाभाऊ तुमचे का आमचे?’’ तो मातंग समाजातला, मी बौद्ध. वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. मी इंदोऱ्याच्या वस्तीत वाढलो, घरातला पहिला पदवीधर. आमच्याकडे 14 एप्रिलला रात्रभर दिवे असतात; 1 ऑगस्टला आम्ही दुसऱ्याच्या घरचे कार्य असल्यासारखे बाजूने निघून जातो. त्या मुलाचा प्रश्न म्हणजे मला आरोपपत्रच वाटले. हा लेख त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावचा. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम पाहिले. आईबापांबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभे केले. तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले. 18 जुलै 1969 ला, पन्नाशीही न गाठता, गेले. एवढ्या अल्प आयुष्यात पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, शिवाय कथा, पोवाडे, वगनाट्ये, रशियाचे प्रवासवर्णन. ज्याच्या पिढ्यांना अक्षरबंदी होती त्या माणसाचे हे लेखन आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

प्रस्थापित समीक्षेने त्यांच्यासाठी एक सोयीचा शब्द शोधला : ‘विपुल’. त्यात कौतुक कमी आणि हिणवणी अधिक. फार लिहिले म्हणजे पातळ लिहिले, असा त्याचा आशय. पण लेखणीवरच ज्याची चूल पेटायची त्याने संयमाने, निवांतपणे लिहावे, ही अपेक्षा भरल्या पोटाची आहे. फुरसत हे वाङ्मयीन मूल्य नव्हे. ती एका वर्गाची मिळकत आहे.

म्हणून त्यांचे दोष झाकावेत असे मी म्हणत नाही. भक्ती ही समीक्षा नव्हे. पुष्कळ कादंबऱ्यांत रचनेचा साचा तोच आहे : देखणी नायिका, उमदा नायक, गावगुंड, शेवटी न्याय. त्यांच्या स्त्रिया लढाऊ आहेत. परंतु शील राखण्याची जी कसोटी त्यांना लावली जाते ती मनूच्याच घरातून आलेली आहे. ‘वैजयंता’मध्ये तमाशातील कलावंतिणीला माणूसपण मिळते, पण तिच्या पावित्र्याची ग्वाही लेखकाला द्यावीशी वाटते. ज्या व्यवस्थेने तिला नाचविले तिलाच जाब विचारायचा, तर ही ग्वाही कशासाठी? ‘फकिरा’तही गावचा सहृदय कुळकर्णी आणि पाटील यांच्यावर लेखकाचा विश्वास आहे. आंबेडकरी जाणिवेच्या वाचकाला तो खटकतो, आणि खटकलाच पाहिजे.

तरीही ‘फकिरा’ (1959) ही आपल्या साहित्यातील मोठी घटना आहे. ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने संबंध जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. पुढे मांगांवरही हजेरीची सक्ती आली. अण्णाभाऊ या शिक्क्याचा अर्थच उलटा करतात. दुष्काळात मांगवाडा, महारवाडा भुकेने होरपळतो, तेव्हा फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो. आणि आपल्या माणसांना ओलीस धरले जाते तेव्हा स्वतःला सरकारच्या हवाली करतो. तेव्हा प्रश्न उरतो : गुन्हेगार कोण? उपाशी माणसे की कोठारे राखणारा कायदा? ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. तिला प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, आणि 1961 साली राज्य शासनाचा पुरस्कार. लेखक मात्र झोपडीतच राहिला. सन्मान करायचा आणि माणसाला होता तिथेच ठेवायचे, ही या समाजाची जुनी रीत आहे.

माझ्या मते मात्र त्यांचे खरे सामर्थ्य कथेत आहे. ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा खाण बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेत सोने शोधतो. पुढे पुरलेली प्रेते उकरतो, कोल्ह्यांशी झुंजतो. एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कापावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू होणार. येथे साचा नाही, आदर्श नायक नाही. डोंगर फोडणारे हात तेवढे निकामी झाले आहेत. बेकारी म्हणजे काय, हे मराठीत इतक्या निर्दयपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

मग अण्णाभाऊ कुणाचे? मुंबईच्या 1958 च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले, आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, दलित-श्रमिकांच्या हातांवर उभी आहे असे बजावले. ते कम्युनिस्ट होते म्हणून आम्ही दूर ठेवले. दलित होते म्हणून इतरांनी. शेवटी ते एका जातीच्या चौकातल्या पुतळ्यापुरते उरले.

1 ऑगस्ट 2024 रोजी, नेमके त्यांच्या जयंतीदिनी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. त्या निकालावर आपल्या वस्त्यांमध्ये तट पडले आहेत. वाट्याचा प्रश्न खरा आहे, त्याची चर्चा प्रामाणिकपणेच व्हायला हवी. मागे राहिलेल्याने हिशेब मागितला तर त्याला फुटीर म्हणण्याचा अधिकार आम्हां पुढे गेलेल्यांना नाही. पण भाकरीचा हिशेब मांडताना लेखकांचीही वाटणी करायची काय?

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, ‘‘अण्णाभाऊ आपले आहेत, असे मी आज म्हणणार नाही. आमच्या वस्तीने ते अजून मिळवलेले नाहीत.’’ यंदा 1 ऑगस्टला इंदोऱ्यात ‘फकिरा’चे वाचन ठेवले आहे. तो येणार आहे. चर्चेला पहिला प्रश्न त्यानेच विचारावा, असे ठरले आहे.