सोदेवाबाई रात्री काय करते?

देवगाव फाट्यावर चहाच्या टपरीत बसून मी सेलूची गाडी मुद्दाम जाऊ दिली. मांडीवर 'सिंडर' होती आणि पान असं होतं की उठवेना. मारिसा मायर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २०१२ची. मी वाचली इतक्या उशिरा, तीही नववीतल्या भाचीनं हातात कोंबली म्हणून. सिंड्रेलाच, पण इथं ती निम्मी यंत्र आहे आणि नव्या बीजिंगच्या बाजारात दुरुस्तीचा गाळा चालवते. सुरुवातीलाच घोट्यातला गंजलेला स्क्रू फिरवून ती आपलं पाऊल काढते. लहानपणी बसवलेलं ते पाऊल आता तोकडं पडतंय. नवं मिळतं, पण सावत्र आई ते काढून घेते. मग जुनंच चढवून ती राजवाड्यातल्या नाचाच्या समारंभाला जाते आणि पायऱ्यांवर बुटाऐवजी अख्खं पाऊलच निखळतं.

मूळ गोष्टीत बूट कुणाच्या पायात बसतो एवढंच बघायचं होतं. मायरनं विचारलं, पाऊलच अंगाला बसत नसेल तर? दर सहा महिन्यांनी जिचा ड्रेस आखूड होतो त्या मुलीला हे फोड करून सांगावं लागत नाही. जुन्या गोष्टीची एकच वस्तू उचलायची, तिच्यावर शब्दशः विश्वास ठेवायचा आणि तिची किंमत कोण मोजतं ते बघायचं. पुनर्कथन म्हणतात ते हे. राजकन्येच्या हातात तलवार दिली की झालं, असं समजणाऱ्यांची पुस्तकं मी दहाव्या पानावर मिटतो.

आता आपल्याकडे. दिवाळीपासून मी मराठी किशोर कादंबऱ्या ओळीनं वाचतोय आणि चिडतोय. गाव, आदर्श गुरुजी, वृक्षारोपण, मोबाइलचे दुष्परिणाम, शेवटी सत्कार. जादूच्या शाळांच्या नकला निघतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं; 'हॅरी पॉटर आणि परीस' या मराठी नावातल्या एका 'परीस' शब्दात त्या सगळ्यांपेक्षा जास्त कल्पकता आहे. 'चांदोबा'च्या आठवणींनी गळे काढणाऱ्यांनी निदान वेताळाकडून प्रश्न विचारायला शिकावं. भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा बरं वाटलं. माणूस जालन्याचा, म्हणजे आमच्या शेजारचा, आणि मोठ्यांसाठी लिहितानाही अद्भुताला न लाजणारा. पण एका माणसाच्या खांद्यावर किती टाकायचं?

नाटकवाल्यांचं तसं नाही. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' २०१८मध्ये पुन्हा आलं आणि वैभव मांगलेंच्या चेटकिणीनं मोबाइलमध्ये बुडालेली पोरं खुर्चीच्या कडेला आणून बसवली. बोध शोधत कुणी गेलं नव्हतं. कादंबरीलाच परीकथेची लाज का वाटावी?

कच्चा माल नाही, हे कारण मला सांगू नका. मेरी फ्रिअर ही मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. १८६५-६६ला बापाबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिनं आपल्या आयेकडून, अॅना लिबराता डिसूझा हिच्याकडून, गोष्टी ऐकल्या आणि १८६८मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' या नावानं छापल्या. अॅना ख्रिस्ती, घराणं मूळचं लिंगायत, गोष्टी आजीच्या तोंडच्या, सांगितल्या इंग्रजीत. तेव्हा त्या अस्सल मराठीच, असा दावा मी करत नाही. पण त्यातली सोदेवाबाई बघा (सुदैवाबाई असावी, असं मला वाटतं). जन्मतः गळ्यात सोन्याचा हार, आणि जीव त्या हारात. डोंगरावर फुलं वेचताना तिची जडावाची चप्पल खाली रानात पडते, ती राजपुत्राला सापडते. इथवर सिंड्रेला. पुढे थोरली राणी दासीकडून हार चोरवते. दासी तो दिवसभर घालून मिरवते तोवर सोदेवाबाई थडग्यात मेलेली. रात्री निजताना दासीनं हार उतरवला की ही जिवंत.

रोज रात्री थडग्यात जागी होणारी मुलगी! तिथंच तिला मूल होतं, आणि हार परत आणतं ते मूल. पण तोवरच्या रात्री ती काय करते? बाहेर येते का? आपला जीव घालून दुसरी बाई हळदीकुंकवाला गेली असेल, हे तिला कळतं का? गोष्ट गप्प आहे. कादंबरी लिहायला एवढी जागा पुरेशी आहे. आणि थडगं हवं तर इथून जिंतूरच्या वाटेवर चारठाणा आहे. पडकी देवळं, तो उंच स्तंभ. संध्याकाळी तिथं एकटं उभं राहून बघा.

अशा गोष्टीला आपण फाट्यावर मारलं (फाट्यावर बसूनच हे लिहितोय, माफ करा). कारण 'मुलांना वास्तव द्या' म्हणणाऱ्यांना वाटतं की हार चोरीला जाणं हे वास्तव नव्हे. शाळा सुटली, लग्न ठरलं, पोरीचा फोन घरच्यांच्या खिशात गेला, हे याच तालुक्यातलं वास्तव आहे, आणि ते सत्काराच्या प्रकरणापेक्षा सोदेवाबाईच्या थडग्यातून जास्त स्वच्छ दिसतं. भाचीला मी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामा, हे मराठीत कुठाय?"

लिहिणाऱ्यांसाठी एवढंच: मेरी फ्रिअर १९११ साली वारली. त्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क कधीच संपलाय, कुणाची परवानगी काढावी लागणार नाही.